गुलाल आणि दादाचा डोळा

बिरवाडी नाक्यावर काल गुलालाचा वास आला आणि दादाचा डोळा आठवला. मंत्रीसाहेबांनी पहिल्यांदा पक्ष बदलला, तेव्हा इथेच त्यांचं स्वागत होतं. त्यांच्या पहिल्या निवडणुकीपासून घसा फोडणाऱ्या माझ्या भावाने सवयीने जुन्याच पक्षाचा जयजयकार केला. “गद्दार हाय, हाणा रे!” आमच्याच पोरांनी त्याला झेंड्याच्या काठ्यांनी झोडपलं. “आपलाच हाय तो!” ओरडत मी मध्ये घुसले, तोवर डावा डोळा फुटला होता. गुलालात रक्त कळत नव्हतं. साहेबांनी गाडीची काच वर घेतली. काल ते तिसऱ्या पक्षातून पुन्हा मंत्री झाले. दादा घोषणा द्यायला निघालाच. “आता कुठला पक्ष, दादा?” “पक्षाचं नाव घ्यायचंच नाय गो. नुसतं साहेबांचं घ्यायचं.”