डोळे मिटून

शिकारीच्या दुकानात माझ्यासारख्या शाकाहारी बाईचं काय काम? पण एडमंटनच्या थंडीत टिकणारे बूट तिथेच मिळतात. बंदुकांच्या काउंटरवर एक आजी नातीसाठी हरणाच्या शिकारीची पहिली रायफल निवडत होती. नातीला सगळ्यात दणकट हवी होती.

ती रायफल रिकामी असल्याची खात्री करून आजीने नातीच्या हातात दिली. "डोळे मीट."

मला वाटलं, आपण खंडेनवमीला शस्त्रांपुढे मिटतो तसंच काहीतरी असेल.

"आता खांद्याला लाव आणि उघड."

रायफलीवरच्या दुर्बिणीत बघायला नातीला मान ताणावी लागली. आजीने मग आखूड दस्त्याची, हलकी रायफल दिली. या वेळी डोळा आपसूक दुर्बिणीसमोर आला.

"ही लहान मुलांची वाटते," नात कुरकुरली.

"गोळी सुटताना मोठीचा धक्का जोरात बसतो. त्या भीतीने ऐन वेळी डोळे मिटलेस, तर नेम चुकेल आणि जखमी हरण रात्रभर तडफडेल."

नातीने काउंटरवरची मोठी रायफल मागे सारली.

मी बूट हातात धरून तशीच उभी राहिले. जन्मभर मांसाला शिवले नाही, पण हरणाच्या त्या रात्रीचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.