सुभेदारांनी उभारलेली गुढी

मलकापूरच्या पुढं आमच्या शेजारी सुभेदार हंबीरराव राहतात. फौज सोडून जमाना झाला, तरी अंगण झाडायला सांगतानाही परेडवर हुकूम सोडल्यासारखे ओरडतात. त्यांची नात संयोगिता. लहानपणी वेळूची काठी रोवून उसाचा पाट ओलांडायची आणि पलीकडं चिखलात आपटायची. आम्ही हसायचो. सुभेदार मात्र तिला सांगलीला प्रशिक्षकांकडं घेऊन गेले. तिथं ती पोल व्हॉल्ट, म्हणजे लांब काठीच्या आधारानं घ्यायची उंच उडी, शिकली, आणि गेल्या वर्षी सांगलीच्याच आयेशाचा राज्यविक्रम तिनं मोडला.

यंदा पाडव्याला ती पोल घेऊनच घरी आली. त्याच आठवड्यात कराडहून रेल्वेनं राष्ट्रीय स्पर्धेला जायचं होतं. तिथं चमकली तर भारताच्या शिबिरात निवड, नाहीतर वय निघून चाललं होतं.

पाडव्याच्या सकाळी पोरगी झोपलेली असतानाच सुभेदारांनी गुढी उभारली. मी सहज वर बघितलं. जरीची साडी, कडुलिंब, साखरेच्या गाठी, वर तांब्या, आणि काठीच्या जागी नातीचा पोल! गेल्या वर्षी वाऱ्यानं गुढी आडवी झाली होती. तो अपशकुन पुन्हा नको म्हणून या शहाण्या माणसानं ड्रिलनं पोलला आरपार भोक पाडलं आणि नटबोल्ट लावून तो फाटकाला आवळला.

संयोगिता बाहेर आली. गुढी बघून आधी हसली. मग तिला बोल्ट दिसला.

"आबा, ह्ये काय केलासा?"

"तुझ्या काठीची गुढी केली. आता बघ, आभाळाला हात लावशील."

"आवं, भोक पडलेला पोल वाकला की तिथंच तुटतोय! वरनं डोक्यावर पडंन मी!"

सुभेदारांनी बोल्टवरून हात फिरवला. लढाई बघितलेला माणूस, पण त्यांचा एवढा पांढराफटक चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मला आलेला रागही तिथंच जिरला.

नवा पोल एवढ्यात मिळणं शक्य नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन त्यांनी सांगलीत आयेशाचं घर गाठलं. तिचा गुडघा दुखावला होता, यंदा ती खेळणार नव्हती. पोल खेळाडूच्या वजनावर ठरतो; दोघींचं वजन सारखं, त्यामुळं तिचा पोल चालला असता. पण जिचा विक्रम मोडला तिच्याकडंच मागायचं? मला मान वर करवेना. सुभेदारांनी सगळं खरं सांगून टाकलं.

"भोक पाडलासा? पोलला?" आयेशा बघतच राहिली. मग म्हणाली, "तिनं माझा विक्रम मोडला तवा मी दिवसभर जेवले न्हाई, आबा. पण पोल न्या. ती अशी घरी बसली तर मला लय लागंल."

त्याच पोलवर संयोगितानं स्वतःचाच विक्रम मोडला आणि शिबिरात तिची निवड झाली. आमचा तर विश्वासच बसेना. ती परतली तेव्हा बायका हळदकुंकू घेऊन पोलची पूजा करायला निघाल्या. सुभेदार फाटकात आडवे उभे राहिले. "खबरदार, कुणी हात लावशीला तर!"

पोल घोंगड्यात गुंडाळून, जीपच्या टपावर बांधून आम्ही सांगलीला नेला. आयेशाच्या अंगणात सुभेदारांनी स्वतः घोंगडं सोडलं आणि तिच्यापुढं हात जोडले.

"पोरी, नीट हात फिरवून बघ. कुठं भोक न्हाई पाडलं."