ओली पानं आणि चोख पंचनामा

ती घटना आठवली की आजही माझा मलाच राग येतो. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते आणि आमच्या बाजूने नाकेबंदी होती. सावंतवाडीहून तिकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका नाक्यावर मी फौजदार होतो. घाटावरचा तंबाखू चोरून सरहद्दीपलीकडे जायचा. पंचनाम्यातल्या चुकांमुळे माझ्या लागोपाठ दोन केसेस कोर्टात सुटल्या होत्या आणि वरून खरमरीत पत्र आलं होतं. तिसरी हातची जाऊ द्यायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

खबर पक्की होती. आंबोली घाट उतरून येणाऱ्या दुपारच्या एस.टी.त हिरव्या लुगड्यातली एक बाई असेल. पोट मोठं दिसेल, पण ती गरोदर नाही. गाडी थांबवून तिला उतरवलं. तिशीच्या आतली असेल. उतरताच रस्त्याच्या कडेला ओकली.

"माका गाडी लागली, साहेबांनू."

त्या घाटात निम्मी गाडी ओकते. मी लक्ष दिलं नाही.

चौकीत बसवून विचारपूस सुरू केली. पोटाला काय बांधलंस? "काय नाय." माल कुणाचा? "ठावक नाय." तिला घाम निथळत होता, तोंडाला लाळ सुटली होती, हात लटपटत होते. झडती टाळायला सोंग करणाऱ्या बाया मी पुष्कळ पाहिल्या होत्या. हिचंही तसंच, असं समजून मी आवाज चढवला. अर्ध्या तासात ती फुटली.

"तंबाखू आसा, साहेबांनू. जीव कासावीस होता माझो. आड जावन काढून देतंय, मगे काय ता करा."

कबुली मिळाली होती. पण बाईची झडती बाईनंच घ्यायची, आणि मला माल पंचांसमक्ष तिच्या अंगावरच सापडायला हवा होता. तिनं स्वतः काढून दिला, तर तो पोलिसांनीच आणून ठेवला असं वकील म्हणणार. मी दरडावलं, "हात लावायचा नाही. अशीच बस."

शिपाई गावातल्या सुईणीला आणायला सायकलवर गेला, तो तासाभराने परतला. तोवर मी पंचनाम्याचा मथळा सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला होता.

पडद्याआड तिचं लुगडं सोडताच सुईण ओरडलीच, "ओली पाना आसत ही! कातडेक चिकटली आसत! पंचनामो मगे, आधी पाणी हाडा!"

पानं चुरगळू नयेत, सळसळू नयेत म्हणून ओली करून बांधायची या लोकांची रीत होती. सकाळपासून ती पानं तिच्या उघड्या अंगाला होती. सुईणीनं कळशांनी पाणी ओतून तिला धुतलं, पण तोवर झटके सुरू झाले होते. दवाखान्याच्या वाटेवरच तिचा श्वास थांबला.

डॉक्टर म्हणाले, "विष चढायला तंबाखू खावाच लागतो असं नाही. ओल्या पानातलं निकोटीन घामाबरोबर कातडीतून रक्तात जातं. एवढं एकदम गेलं की आधी ओकारी, कंप, मग झटके, मग श्वास बंद. पानं लवकर काढली असती तर कदाचित वाचली असती."

मालाचा धनी कधीच सापडला नाही. माझ्या कागदांवर मात्र वरिष्ठांचा शेरा आला: पंचनामा चोख. असला चोखपणा काय जाळायचाय! पुढे नव्या पोरांना मी एकच शिकवलं, आधी माणूस बघा, मुद्देमाल कुठे पळून जात नाही. एका बाईचा जीव घेऊन मला आलेलं हे शहाणपण.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची आई प्रेत न्यायला आली. रडली नाही. म्हणाली, "आदल्या खेपेकय ती अशीच ओकान पडलेली. ह्या वक्ताक माका म्हणालेली, आये, पोलिसांनी धरल्यानी तर बराच. आंगावरचा ता काढतले तरी."

तिच्या मुलीनं माझ्याकडे तेवढंच मागितलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. प्रेत मिळाल्याच्या पावतीवर तिचा अंगठा घेतला.