उलटी पेटी

आमच्या चौसाळ्यात सहकारी संस्थेच्या पाणी-गाळणीवर बसणारे काका कुणाशीही बोलताना नजर नळाच्या धारेवर ठेवतात. दुष्काळात टँकरचं पाणी गढूळ येतं. उंच टाकीतून ते आपल्याच वजनानं गाळणीच्या पेटीत उतरतं आणि पडद्यातून गाळून नळाला येतं. गाळणी बनवणाऱ्या कंपनीनं पडदा पेटीच्या तळाशी बसवला होता. त्यावर गाळ साचून दुपारपर्यंत धार करंगळीएवढी व्हायची आणि घागरींची रांग तशीच राहायची. काकांनी पेटीच उलटी केली. आता पडदा वर असतो, गाळ खाली बसतो आणि टाकीच्या दाबानं पाणी खालून वर चढून गाळलं जातं.

काल कंपनीचे साहेब आले. "पेटी सरळ करा, नाहीतर संस्थेला सांगतो, उद्यापासून येऊ नका."

"गाळ खालीच बसणार, सायेब. त्याला तुमचा कागद वाचता येत न्हाई." काका पेटीला पाठ लावून बसले.

मी रांगेत पुढेच होते. साहेबांनी माहितीपुस्तिका माझ्या हातात दिली. "तुम्ही इंग्रजी शाळेतल्या बाई ना? वाचून दाखवा यांना."

पडदा तळाशीच हवा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. चारचौघांत मी सहसा बोलत नाही. पुस्तिका मिटून मी माझी घागर नळाखाली ठेवली.

"काका, सोडा पाणी."

ते जागचे हलले नाहीत. बसल्याबसल्या हात लांबवून त्यांनी तोटी पूर्ण सोडली.