रक्तावरची माती

आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. वडिलांना सही करता यायची, आईला तेवढीही नाही. पोलिसात लागले तेव्हा ठाण्यात माझ्या धावण्यापेक्षा माझ्या अक्षराचं कौतुक जास्त झालं. वर्षभरात मी रायटर झाले. म्हणजे हवालदार बघणार, मोजणार आणि मी पंचनामा लिहिणार. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे, म्हणूनच हे लिहितेय.

संगमेश्वरहून देवरूखकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका वळणावर कारने स्कूटरला उडवल्याचा फोन आला. भर दुपार. आम्ही पोचेपर्यंत स्कूटरवाल्या म्हाताऱ्याला ॲम्ब्युलन्सने रत्नागिरीला नेलं होतं. वाटेतच गेल्याचं आम्हाला तिथे उभं असतानाच कळलं. हवालदारांनी टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "चला, टेप काढा."

लोकांना वाटतं, पोलीस अशा जागी जाऊन काहीतरी मोठं शोधून काढतात. खरं म्हणजे गाड्यांची रांग सोडवण्यातच अर्धा जीव जातो. मग दोन पंच शोधायचे. मघापासून मोबाईल उंच धरून उभे असलेले लोक 'पंच' शब्द ऐकताच पातळ होतात. एकाला एसटी पकडायची होती, दुसऱ्याची शेळी घरी बांधलेली होती.

"तिला पण आण," हवालदार म्हणाले, "तिचीपण सही घेतो."

दोघं कसेबसे थांबले. विजेच्या खांबापासून आम्ही मापं घेतली. म्हातारा देवरूखहून येत होता, त्याची बाजू डावी. स्कूटर मात्र उजव्या कडेला, एका घराच्या कुंपणाच्या दगडी गडग्याला टेकून ठेवलेली. ती लोकांनी उचलून ठेवली हे उघड होतं, त्यावर आम्ही गेलो नाही. पण फुटलेल्या काचाही तिथेच होत्या. "माणूस खोटं बोलेल, काच बोलत नाही," हे हवालदारांचं ठरलेलं वाक्य. कारवाला घाम पुसत तेच सांगत होता, "साहेब, तोच माझ्या बाजूला आला."

मी लिहिलं : सदर स्कूटर आपली बाजू सोडून विरुद्ध बाजूस आल्याचे दिसते. रस्त्यावर रक्ताचा डाग दिसून येत नाही. पंचांनी सह्या केल्या. साहेबांनी संध्याकाळी वाचून म्हटलं, "असा पंचनामा पाहिजे."

दिवसकार्य आटोपल्यावर म्हाताऱ्याची बायको ठाण्यात आली. पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून एक बिल्ला. नवरा एसटीत ड्रायव्हर होता. पूर्ण नोकरीत एकही अपघात नाही, म्हणून मिळालेला.

"बाय, ते उलट्या बाजूला गेले असं तू लिहिलंस?"

"जागेवर दिसलं ते लिहिलं, काकी."

"घरच्या बोळातनंपण डावीकडनं चालायचे. मी मधनं चालले तर हॉर्न वाजवायचे तोंडानं." ती हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा रडवेला झाला. "मेले ते मेले. पण गावात आता म्हणतात, म्हाताऱ्याचीच चूक. तेवढं काढ."

मी तिला पाणी दिलं. ती गेल्यावर ठाण्याच्या मोबाईलमधले त्या दिवशीचे फोटो काढून बसले. काचा गडग्याच्या कडेला एका ओळीत होत्या. धडकेत फुटलेली काच चहूकडे उडते, ओळीत पडत नाही. आणि डाव्या बाजूला, रस्त्याच्या मध्याजवळ, लाल मातीचा एक गोल. आमच्याकडे रस्त्यावर माती कुठे नसते? डंपरमधून सांडते, पायांनी येते. त्या दिवशी मी त्या गोलावर उभी राहूनच लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी हवालदारांना घेऊन वळणावर गेले. गडग्यामागच्या घरातली बाई आम्हाला बघून आत चालली होती. मी हाक मारली. "मावशी, त्या दिवशी इथे माती कोणी टाकली?"

"मी टाकली. मग काय? माणसाचा रगात तसाच उघडा ठेवायचा? कोनाचा पाय पडतो, गाडीची चाका जातात वरनं. घमेलाभर माती आणली नि झाकला."

"आणि काचा?"

"त्या बाजूनं शाळेची पोरां येतात, अनवाणी. खराटा घेतला नि सगळ्या हिकडं लावल्या."

"त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलात?"

आमच्या गावीही कोणी रस्त्यावर अपघातात गेलं की आई हेच करते. मला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. शिकलेली असून ओळखलं नाही यापेक्षा, इकडचीच असून मी ते ओळखलं नाही, हे मला जास्त लागलं.

आता त्या जागी काहीच नव्हतं. माती चाकांबरोबर गेली होती, खाली डांबर काळंच होतं. उरला होता फक्त तिचा शब्द. "कोर्टात न्याल मला," म्हणत ती बराच वेळ अडून बसली. शेवटी अंगठा दिला. मी तिचा जबाब लिहिला आणि सोबत माझाही अहवाल : माती व काचांबाबत चौकशी न करता मी पंचनाम्यात निष्कर्ष लिहिला. साहेबांनी तो दोनदा वाचला. "स्वतःच्या हातानं लिहून देतेयस. कळतंय ना?" म्हणाले. मी हो म्हटलं.

काकीला बोलावून सगळं वाचून दाखवलं. 'स्कूटर आपल्या डाव्या बाजूने' हे तिने परत वाचायला लावलं. मी परत वाचलं.

"मग पहिला कागद फाडलास?"

"फाडता येत नाही, काकी. दोन्ही फाईलला राहतात. कोर्ट बघतं."

बिल्ला तिने रुमालात बांधला. गाठ बसेना, परत सोडून बांधला.

"म्हणजे कागदावर ते अजून दोन्हीकडे आहेत," ती म्हणाली, आणि उठली.