पहिल्या आरतीचा मान

नवऱ्याचं नाव मी लग्नात उखाण्यातसुद्धा कसंबसं घेतलं, तेव्हा इथंही घेणार नाही. आम्ही दोघं अंबरनाथच्या एका काडेपेटीच्या कारखान्यात होतो. हे काड्यांच्या टोकांना मसाला लावायच्या खात्यात आणि मी पेट्या भरायच्या शेडमध्ये. कुळगावहून पायी निघायचं, सकाळी जाताना भांडायचं आणि संध्याकाळी येताना समेट करायचा, असा आमचा संसार.

आमच्या शेडला मागचं एक दार होतं आणि त्याला कायम कुलूप असे. बायका त्या दारानं माल लंपास करतात, असं मुकादमाचं म्हणणं. चोरायचं काय, तर काडेपेट्या! पुढचं एकच दार, तेही खोक्यांनी निम्मं अडलेलं. अधूनमधून एखादी पेटी भर्रकन पेटायची. आम्ही ती ओल्या पोत्यानं विझवायचो आणि हसायचो. ह्यांना हसू येत नसे. "एक दिवस अख्खी शेड पेटंल, मग तुम्ही बायका जाल कुठून?" हे रोज वाटेत ऐकायचं. इन्स्पेक्टर यायचा, पण त्याची वर्दी आधीच लागलेली असे. त्या दिवशी कुलूप गायब आणि मुकादम साखरेहून गोड.

शेवटी एका सुट्टीला हे ठाण्याला गेले आणि इन्स्पेक्टरला सगळं सांगून आले. "तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही," असं तो म्हणाला. कारखान्यांचा नवा कायदा तेव्हा नुकताच आला होता. सांगणाऱ्याला सांभाळायचं त्यात काही होतं की नाही, मला ठाऊक नाही. तो माणूस मात्र शब्दाला जागला. अचानक येऊन त्यानं कुलूप स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि दार उघडं राहू लागलं. चुगली कुणी केली हे शोधायला मॅनेजरनं जंग जंग पछाडलं. आम्हा सगळ्याजणींना ठाऊक होतं, पण एकीनंही ब्र काढला नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात हत्यारांची पूजा होई. आमच्या कारखान्यात दिवा आत न्यायची सोय नाही, म्हणून हातोडे, पाने, कात्र्या बाहेर अंगणात पाटावर मांडत. पहिली आरती मॅनेजरची, हा रिवाज. त्या वर्षी मॅनेजर हात पुढे करून उभा होता आणि आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं तबक उचलून थेट ह्यांच्या हातात दिलं. "औंदा मान याचा," ती म्हणाली. आम्ही टाळ्या पिटल्या. मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांना पदर लावावा लागला. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, लाजले. मॅनेजर हसत होता. त्यानं मागाहून आरती घेतली, प्रसादही खाल्ला.

दिवाळी सरली आणि गेटवरच्या झडतीत ह्यांच्या खिशात विडी निघाली. काडेपेटीच्या कारखान्यात विडी म्हणजे खुनाहून मोठा गुन्हा. हे उभ्या जन्मात तंबाखूला शिवले नव्हते, पण विचारतो कोण? त्याच दिवशी काढून टाकलं. इन्स्पेक्टरकडे जावं तर त्याची बदली झालेली. अंबरनाथात दुसऱ्या कुठल्या गेटनं आत घेतलं नाही. शेवटी उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एका सिंधी शेठच्या ट्रंका बनवायच्या वर्कशॉपात पत्रे उचलायचं काम मिळालं. "साईं, यहाँ बीडी पीनी है तो आराम से पियो," असं शेठ पहिल्याच दिवशी म्हणाला. म्हणजे कीर्ती तिथवर पोचली होती!

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. त्या म्हातारीचा मला राग येत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. आमच्या माणसांना आभार मनात ठेवता येत नाहीत. मान चारचौघांत दिला नाही तर तो दिल्यासारखा वाटतच नाही. घरी चार करंज्या धाडल्या असत्या तरी पुष्कळ होतं. ही हळहळ इतक्या वर्षांनीही जात नाही.

मी कामावर राहिले. ह्यांच्या एकट्याच्या मजुरीवर घर चाललं नसतं. उन्हाळा लागला तशी मागच्या दाराला पुन्हा कुलूप लागलं. कुणी काही बोललं नाही. ह्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना मी ह्यांना ते सांगितलं. मला वाटलं, भडकतील, ताट सारून उठतील. घास हातात धरून त्यांनी एवढंच विचारलं, "किल्ली कुणाजवळ असते?"

"मुकादमाच्या कमरेला."

त्यांनी तो घास खाल्ला, वर घोटभर पाणी घेतलं.

"मग तू त्याच्याजवळ बसत जा," ते म्हणाले.