डायव्हरकाकांची अँबेसिडर

परभणी जिल्ह्यातला एकही खड्डा असा नसेल, ज्याच्याशी आमच्या शेजारच्या डायव्हरकाकांची घरोब्याची ओळख नाही. तीस वर्षं त्यांनी एसटी चालवली. निवृत्त झाल्यावर माणसं हरिपाठ धरतात, नातवंडं धरतात. काकांनी मानवतच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या गोदामामागे पडलेली जुनी अँबेसिडर धरली. ट्रॅक्टरला बांधून ती आमच्या गल्लीत आली तेव्हा मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. पिल्लं बाहेर पडेपर्यंत काकांनी बॉनेटलाही कुणाला हात लावू दिला नाही.

मग अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये काकांची ड्यूटी सुरू झाली. सकाळी आठला खाकी शर्ट घालून निघायचे. शेड घरापासून वीस पावलांवर, पण काकूंनी डबा भरून द्यायचाच. ताटात वाढलेलं त्यांच्या घशाखाली उतरायचं नाही. कार्बोरेटर त्यांनी काकूंच्या कुरडयांच्या पातेल्यात रॉकेल ओतून धुतला आणि त्या वर्षी आम्ही सगळे कुरडयांना मुकलो. गंज खरवडायचा, पॉलिश पेपरने घासायचं, मनासारखं झालं नाही की पुन्हा पहिल्यापासून. "लय घाई करू न्हाई," म्हणायचे, "पत्रा रुसतो." दोन वर्षं त्या पत्र्याची समजूत काढण्यात गेली.

ही सगळी म्हातारपणाची हौस आहे असं मला वाटायचं. पण एकदा काकू ओट्याशी भाकरी थापत असताना हा गृहस्थ खाली बसून टेपने त्यांच्या गुडघ्याची उंची मोजताना दिसला. "अवो, ह्या वयात काय करायलात हे!" काकू लाजून अर्ध्या झाल्या. त्यांचं माहेर सोनपेठ. तिथे ऐंशीच्या पुढची थोरली बहीण. काकूंचे गुडघे गेल्यापासून त्यांना एसटीची पायरी चढवेना, आणि चार वर्षं बहिणी-बहिणींची भेट नव्हती. काकांनी पुढची सीट खाली घेतली, दाराखाली घडीची पायरी बसवली, भंगारात निघालेल्या बसचा दांडा आणून धरायला लावला. अशाने जुन्या गाडीची अब्रू जाते, असं एक जाणकार म्हणाले. काका म्हणाले, "जाऊ द्या. हिला तिच्या बहिणीकडं न्यायचंय मला."

निघायच्या दिवशी गल्ली जमली. टायरखाली लिंबं ठेवली, इंजिन सुरू झालं, आणि काका स्टिअरिंगवर हात ठेवून ढिम्म. "काका, गिअर टाका की!" कोणीतरी ओरडलं. "डबल बेल न्हाई झाली अजून," काका म्हणाले. शेवटी काकूंनी देवघरातली घंटा आणून दोनदा वाजवली. लिंबं चिरडत गाडी निघाली, वळणावरून दिसेनाशी झाली, आणि काकू घंटा हातात घेऊन दारातच उभ्या! कोण चढलं, कोण राहिलं हे बघणं कंडक्टरचं काम. काकांनी जन्मात ते केलं नव्हतं. रस्त्यावरची नजर न काढता ते एकटेच बोलत राहिले. पाथरी जवळ आल्यावर, आज ही एवढं मुकाट्यानं कसं ऐकून घेते म्हणून त्यांनी बाजूला पाहिलं.

परत आले ते मान खाली घालूनच. काकूंनी घंटा देवघरात नेऊन ठेवली. दांडा धरून, पायरीवर पाय टेकवून, कुणाचाही हात न घेता आत बसल्या. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

सोनपेठला थोरली बहीण गाडी बघून म्हणाली, "मला बी बसवा." दोघी बहिणी मागे बसल्या, एवढ्या खटपटीची पुढची सीट रिकामीच, आणि काकांनी त्यांना गावातून फिरवलं. "तीन चकरा मारल्या," परतल्यावर त्यांनी मला सांगितलं. "बोलणंच सरंना दोघींचं. मंग मलाच भूक लागली, म्हणलं चला आता घरी."

दिवाळीनंतर थोरली गेली. दहावा करून दोघं परतले, त्या संध्याकाळी मी शेडमध्ये डोकावलो. काका मागची सीट फडक्याने पुसत होते, पुसलेलीच पुन्हा पुसत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अजून एक चकर मारायला पायजे होती."